अम्मानमध्ये आठवड्याला एकदा पाणी: घर घेण्याआधी गच्चीवर काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जॉर्डनमध्ये अम्मानला तीन वर्षांसाठी नोकरीनिमित्त जायचंय. सोबत पत्नी, आई आणि आठ महिन्यांची मुलगी. चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं घर बघून ठेवलंय. पाणी आठवड्यातून एकदाच येतं असं कळलंय आणि घरमालक म्हणतो, वर दोन टाक्या आहेत, काळजी नको. इथून आरओ न्यावा का, नळाचं पाणी बाळाला चालेल का, की सगळं बाटलीबंदच घ्यायचं? शिवाय आई माठ घेऊन निघाल्या आहेत, त्याचं काय?

इमारतींच्या पाण्याची कामं करताना अम्मानमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येक कुटुंबाकडून पहिला प्रश्न हाच येतो, की पाणी पिण्याजोगं आहे का. शहराच्या जाळ्यात सोडलेलं पाणी शुद्ध केलेलं आणि क्लोरीन घातलेलं असतं. पण ते तुमच्या नळाला थेट येत नाही. आठवड्यातल्या एका दिवशी ते गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि पुढचे सहा दिवस तुम्ही ती टाकी वापरता. पाणी पुरेल का आणि पिता येईल का, या दोन्हींचा निकाल मीटरपासून टाकीपर्यंतच्या वीसेक मीटर पाइपात आणि त्या टाकीतच लागतो. म्हणून आरओचा विचार नंतर. आधी गच्चीवर जा.

जालना, मनमाड, संभाजीनगरकडच्या माणसाला आठवड्याने येणारं पाणी नवं नाही. फरक एवढाच की आपल्याकडे पाणी आलं की घर जागं होतं, हंडे-पिंपं भरली जातात, किती भरलं ते डोळ्यांना दिसतं. अम्मानमध्ये ते बहुधा रात्री, आपसूक, वर चढतं. तुम्हाला काहीच दिसत नाही. टाकी अर्धीच भरली हे कळतं ते पाचव्या दिवशी, अंगाला साबण लावलेला असताना.

पाण्याची ही पाळी का आहे ते दोन परिच्छेदांत सांगतो, कारण ते कळलं की पुढची आकडेमोड कळते. जॉर्डनचं नवीकरणीय गोडं पाणी सरकारी हिशेबाने माणशी वर्षाला साधारण ६१ घनमीटर आहे. ५०० घनमीटरच्या खाली गेलं की जगात त्याला तीव्र टंचाई म्हणतात. देशाच्या बहुतेक भूभागावर वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. अम्मान शहर डोंगरांवर वसलेलं, आणि पाणी मात्र दूर आणि खोलात. यर्मूक नदीचं आणि १९९४ च्या करारानुसार तिबेरियस सरोवरातून मिळणारं पाणी किंग अब्दुल्ला कालव्याने जॉर्डन खोऱ्यात येतं. तिथे ते समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटर खाली असतं. झाई इथल्या केंद्रात शुद्ध करून ते शहरापर्यंत आणायचं म्हणजे सव्वा किलोमीटर उंच चढवायचं. मृत समुद्राच्या काठचं मचूळ पाणी गोडं करून तेही असंच वर येतं. दक्षिणेला सौदी सरहद्दीजवळच्या डिसीमधून २०१३ पासून सुमारे ३२५ किलोमीटरच्या पाइपने वर्षाला १० कोटी घनमीटर पाणी येतं. ते हजारो वर्षांपूर्वी जमिनीत मुरलेलं पाणी आहे, उपसलं की पुन्हा भरत नाही.

एवढं करून जाळ्यात आलेल्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं बिलापर्यंत पोचत नाही. काही गळतं, काही चोरीला जातं, काही मीटरवर नोंदलं जात नाही. हे प्रमाण २०४० पर्यंत २५ टक्क्यांवर आणायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. अकाबाला समुद्राचं पाणी गोडं करून वर्षाला ३० कोटी घनमीटर पाणी अम्मानकडे आणायची योजनाही आहे, पण ती या दशकाच्या अखेरीची गोष्ट आहे. तेव्हा तुमची तिन्ही वर्षं पाळीवरच काढायची आहेत असं धरून घर निवडा.

आता परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी. पाळी किती तासांची हे भागागणिक वेगळं असतं. कुठे चोवीस तास, कुठे अठ्ठेचाळीस, आणि त्यातही खरं प्रेशर असलेले तास आणखी कमी. चढावरच्या गल्लीला आणि जाळ्याच्या शेवटच्या टोकाला नेहमीच कमी मिळतं. जुलै-ऑगस्टमध्ये परदेशातले जॉर्डनी सुट्टीला घरी येतात, लग्नसराई असते, ऊन असतं, आणि पाळ्या आखडतात. त्यामुळे फेब्रुवारीत घर बघायला गेलात तर शेजाऱ्याला "पाणी कसं आहे?" असं विचारू नका. "गेल्या ऑगस्टमध्ये टँकर किती वेळा मागवला?" असं विचारा. त्याच्या उत्तरात सगळं येतं.

तिथले चार शब्द शिकून घ्या, रोज लागतील. टाकीला खझ्झान म्हणतात, पाळीला दौर, जमिनीतल्या हौदाला बीर, बॉलकॉकला (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता कॉक) अव्वामा. इमारतीचा रखवालदार म्हणजे हारिस. गच्चीची किल्ली, व्हॉल्व्ह आणि दौराचा दिवस हे सगळं त्याच्या हातात असतं. घरमालकापेक्षा त्याच्याशी ओळख आधी करा.

आधी तुमची गरज काढू. तीन मोठी माणसं बादलीने आंघोळ करणारी, प्रत्येकी २० लिटर, बाळाला १५, म्हणजे ७५. फ्लशची टाकी ६ लिटरची धरून तिघांचे रोज पंधरा वेळा, म्हणजे ९०. स्वयंपाक, भांडी आणि पिणं मिळून ७०. बाळाचे कपडे असल्यामुळे मशिन रोज एकदा, ५०. हात-पाय, फरशी, किरकोळ ३५. बेरीज ३२० लिटर. आठवड्याला २,२४० लिटर. शॉवर वापरलात तर मिनिटाला आठ-दहा लिटर जातात, तेव्हा ही बेरीज लगेच हलते.

पण सात दिवसांवर हिशेब थांबवू नका. मुख्य पाइप फुटला, पंपाची वीज गेली, की दौर दोन-तीन दिवस पुढे जातो. दहा दिवसांची तयारी धरा, म्हणजे ३,२०० लिटर. शिवाय टाकीवर लिहिलेलं माप सगळं हाती येत नाही. बाहेर जाणारा पाइप तळापासून थोडा वर असतो आणि बॉलकॉक काठाच्या थोडं खाली बंद होतो. साधारण ८५ टक्के वापरता येतं. म्हणून तुम्हाला ४,००० लिटरची साठवण हवी. घरमालकाच्या "दोन टाक्या" हजार-हजारच्या असतील तर त्यातून १,७०० लिटर मिळतील, म्हणजे पाच दिवस. दोन-दोन हजारच्या असतील तर तुमचं भागेल. हा फरक फोनवर कळत नाही. वर जाऊन टाकीवरचा आकडा वाचा, आणि मग तुमच्या घराचा पाइप हाताने माग काढत खालपर्यंत बघा. चार मजल्यांच्या गच्चीवर वीसेक टाक्या असतात आणि "ही तुमची" म्हणून दाखवलेली टाकी शेजाऱ्याची निघू शकते. स्वयंपाकघराचा नळ कुणाला तरी उघडायला सांगा आणि कुठल्या टाकीतली पातळी उतरते ते बघा.

टाक्या वाढवायच्या असतील तर घरमालकाला विचारूनच. हजार लिटर म्हणजे एक टन वजन. टाकी तुळईवर किंवा खांबाच्या डोक्यावर बसवायची, स्लॅबच्या मधोमध नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: टाकी मोठी आहे, पण ती भरते का? चार मजल्यांच्या वरची टाकी रस्त्यापासून साधारण १५ मीटर उंच. दर दहा मीटरला एक बार प्रेशर खर्ची पडतं. म्हणजे रस्त्यावर दोन बार असेल तर दीड बार नुसतं चढण्यात गेलं, उरलेल्या अर्ध्या बारात पाइपाचं घर्षण, मीटर आणि बॉलकॉक भागवायचे. त्यातच तळमजल्याचे आणि पहिल्या मजल्याचे लोक नळ उघडून बसले, तर तुमच्यापर्यंत धार येणार कशी? दौराच्या दिवशी हे मोजता येतं. घरातले सगळे नळ बंद करा, टाकी रिकामी असू द्या आणि तुमच्या मीटरवर एका मिनिटाला किती लिटर फिरतात ते बघा. संध्याकाळी एकदा, रात्री दोनला एकदा. मिनिटाला ८ लिटर येत असतील तर तासाला ४८० लिटर होतात, आणि आठवड्याचे २,२४० लिटर पाच तासांच्या आत भरतात. मिनिटाला ३ लिटरच येत असतील तर तासाला १८०. आठ तास प्रेशर टिकलं तरी १,४४० लिटर. अशा घरात दहा टाक्या लावल्या तरी उपयोग नाही, कारण अडचण साठवणीची नसून आवकीची आहे. सुरुवातीला दौर लागताच पाइपातली हवा बाहेर पडते आणि मीटर हवेवरच गरगर फिरतो, म्हणून पहिला अर्धा तास सोडून मोजा.

आवक कमी असेल तर शोधण्याचा क्रम असा ठेवा. आधी मीटरच्या अलीकडची गाळणी. पाणी बंद-चालू होत राहतं, तेव्हा पाइपातला गंज आणि वाळू सुटून तिथे अडकते. ती काढून धुणं हे तिथल्या प्लंबरचं दहा मिनिटांचं काम आहे. मग बॉलकॉक. त्याच्या तोंडाशी चुन्याची खपली बसलेली असते, कारण पाणी जड आहे. बॉलकॉक बदलणं स्वस्त पडतं, दुरुस्त करत बसू नका. मग जुना लोखंडी पाइप. आतून गंजून अर्ध्या इंचाचा पाव इंच झालेला असतो, तो बदलूनच सुटका. हे सगळं ठीक असूनही धार येत नसेल तर प्रेशरच नाही, आणि त्याला एकच चांगला उपाय आहे: तळाशी हौद किंवा टाकी. पाणी जमिनीच्या पातळीला, काहीही न चढता, जोरात हौदात पडतं. मग मोटर ते तुमच्या सोयीने वर चढवते. जिथे सामाईक बीर आहे अशी इमारत मिळाली तर थोडं जास्त भाडं देऊनही ती घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्यात एक धोका आहे. सामाईक हौद असेल तर पाणी कोणाला किती चढलं याचा हिशेब कोण ठेवतो, ते विचारा. प्रत्येक घराला वर वेगळा बॉलकॉक आणि वेगळा मीटर नसेल तर भांडणं होतात.

मोटर थेट रस्त्याच्या लाइनवर मात्र कधीही लावू नका, शेजारी लावत असले तरी. प्रेशर नसलेल्या पाइपातून मोटर ओढायला लागली की पाइपात निर्वात तयार होतो, आणि जमिनीतल्या प्रत्येक ढिल्या सांध्यातून बाहेरची ओल आत शोषली जाते. शेजारून सांडपाण्याची लाइन जात असेल तर ते तुमच्याच टाकीत येतं. जाळ्यात चांगलं असलेलं पाणी घरात येईपर्यंत बिघडायची जी कारणं असतात, त्यांतलं हे मोठं कारण. शिवाय मीटरनंतर पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे ना हे बघा. टाकीत पाणी खालून शिरत असेल आणि हा व्हॉल्व्ह नसेल, तर दौर संपल्यावर लाइन रिकामी होते आणि तुमची भरलेली टाकी उलटी रस्त्याकडे उतरते.

एकापेक्षा जास्त टाक्या असतील तर जोडणी कशी आहे ते बघा. पाणी पहिल्या टाकीत पडावं, तळाच्या पाइपाने दुसरीत जावं आणि घराकडे जाणारा पाइप दुसरीतून निघावा. आवक आणि जावक एकाच टाकीला असेल तर दुसरी टाकी बाजूला नुसती वर-खाली होत राहते, तिच्यातलं पाणी पुरतं बदलत नाही. तिचं झाकण उघडलं की तळाशी मऊ, तपकिरी साय जमलेली दिसते. झाकण घट्ट बसणारं, ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी, टाकी प्लास्टिकची असेल तर प्रकाश आत न जाऊ देणारी. अर्धपारदर्शक टाकीत उन्हाने शेवाळ धरतं.

गळतीबद्दल थोडा वेळ थांबतो, कारण इथे पाणी सर्वांत स्वस्तात वाचतं. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गळतंय. दिसेल न दिसेल अशी धार मिनिटाला १०० मिलिलिटर असते, म्हणजे अर्ध्या फुलपात्राएवढी. दिवसाला १४४ लिटर, आठवड्याला हजार लिटरच्या वर. एक अख्खी टाकी. रबर बदलायला जो खर्च येतो त्याच्या कितीतरी पट पैसे टँकरला जातात. दुसरी गळती ओव्हरफ्लोची. बॉलकॉक अडकला तर दौराच्या रात्री मिनिटाला आठ लिटर गच्चीच्या पन्हळीतून निघून जातं आणि सहा तासांत २,८८० लिटरचं बिल तुमच्या नावावर चढतं. बिलाचे टप्पे आहेत, वापर वाढला की पुढच्या टप्प्यात प्रत्येक घनमीटर महाग होतो. म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप अशा ठिकाणी काढून घ्या, की तो वाहिला तर कुणाला तरी दिसेल. रोजचे ३२० लिटर म्हणजे महिन्याला साडेनऊ घनमीटर. मीटर दर दौराला वाचून वहीत लिहा, फरक पडला की कळेल.

टँकर कधीतरी लागेलच. छोटा टँकरसुद्धा साधारण ६ घनमीटरचा असतो. तुमची साठवण ४ घनमीटर असेल तर दोन-तीन घरांनी मिळून मागवायचा. टँकरच्या पाइपची लांबी आणि त्याच्या मोटरचा जोर तुमच्या गच्चीपर्यंत पुरतो का ते आधी विचारा. परवाना बघा, पाणी कुठल्या विहिरीचं ते विचारा आणि टाकीत सोडण्याआधी क्लोरीन तपासा. नसेल तर टाकीत घाला.

तर आता पाणी पिण्याजोगं आहे का. आपल्याकडे गावात पाणीपुरवठा कर्मचारी पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघायला ओटी टेस्ट करतो, तीच गोष्ट इथे स्वतः करायची. फक्त ऑर्थोटोलिडीनऐवजी डीपीडी गोळ्यांचा किट घ्या, पोहण्याच्या तलावाचं सामान मिळतं तिथे मिळतो. दौराच्या दिवशी टाकीत पडणारं पाणी तपासा आणि पाचव्या दिवशी स्वयंपाकघराच्या नळाचं. उरलेलं मोकळं क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असेल तर ठीक. येताना आहे पण पाचव्या दिवशी शून्य झालं, तर याचा अर्थ टाकी घाण आहे किंवा उन्हात तापते, कारण ऊन आणि गाळ दोन्ही क्लोरीन खातात. टाकी धुवा, सावली करा, आणि तोवर वरून क्लोरीन द्या. ५ टक्क्यांचं साधं, सुगंध न घातलेलं सोडियम हायपोक्लोराईट (द्रव ब्लीच) हजार लिटर पाण्याला १० मिलिलिटर घातलं तर लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन होतं. सगळीकडे मिसळू द्या, अर्धा तास थांबा, पुन्हा तपासा. बाटली ताजी घ्या. उन्हाळ्यात पडून राहिलेल्या बाटलीचा जोर निम्मा झालेला असू शकतो.

इथे आपली एक सवय आवरावी लागेल. पाणी आलं की "कालचं शिळं" म्हणून साठवलेलं ओतून द्यायचं, ही सवय अम्मानमध्ये परवडत नाही आणि तिला कारणही नाही. झाकलेल्या स्वच्छ टाकीतलं, क्लोरीन उरलेलं सातव्या दिवसाचं पाणी पहिल्या दिवसाइतकंच सुरक्षित असतं. शंका आली तर ओतू नका, तपासा.

टाकी वर्षातून दोनदा धुवा, आणि घरात राहायला जाण्याआधी एकदा नक्की. दौराच्या आदल्या दिवशी धुवायची म्हणजे ती आधीच उतरलेली असते. उरलेलं वरचं निवळ पाणी बादल्यांत काढून घ्या, तळाचा गाळ घराच्या पाइपाकडे न जाऊ देता खालच्या कॉकमधून सोडा. पुस्तकी पद्धत अशी की टाकी पूर्ण भरून तिला लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं, म्हणजे हजार लिटरला ५ टक्क्यांचं एक लिटर, रात्रभर ठेवायचं आणि सोडून द्यायचं. तिथे हजार लिटर सोडून देणं कुणाच्याही जिवावर येईल. त्याऐवजी एक लिटर पाण्यात तेच हायपोक्लोराईट ४ मिलिलिटर, असं दहा लिटर द्रावण करा, लांब दांड्याच्या ब्रशने भिंती, झाकण, तळ घासा, अर्धा तास ओलं राहू द्या आणि एक-दोन बादल्यांनी धुवून काढा. टाकीत उतरावं लागत असेल तर एकटं उतरायचं नाही, झाकण पूर्ण उघडं, आणि हायपोक्लोराईटबरोबर ॲसिड किंवा दुसरं कुठलंही साफ करायचं औषध कधीच मिसळायचं नाही. बंद जागेत त्यातून विषारी वायू होतो.

आता आरओ. माझं मत: इथून नेऊ नका. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टच आहे, ती अडचण नाही. अडचण दोन. आपल्याकडच्या मशिनचे फिल्टर तिथे मिळतीलच याची खात्री नाही. आणि घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर टाकून देतो. रोज १२ लिटर प्यायला-स्वयंपाकाला काढलंत तर ३६ लिटर वाया, आठवड्याला अडीचशे. तुमच्या आठवड्याच्या पाण्याचा नववा हिस्सा. आधी तिथल्या नळाचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते, मोजा. आपल्या भारतीय मानकात ५०० पर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालेल असं म्हटलंय. हजाराच्या आत असेल तर आरओची गरज नाही. पाच मायक्रॉनची गाळणी, कार्बन ब्लॉक आणि यूव्ही असा सिंकखालचा संच तिथे घ्या, तो एक थेंबही टाकत नाही. एक लक्षात ठेवा, कार्बन क्लोरीन काढून टाकतो. म्हणून गाळलेलं पाणी साठवून ठेवायचं नाही, त्या दिवसाचं त्या दिवशी. चव नकोशी वाटली म्हणून आरओ घेतलाच, तर टाकाऊ पाण्याची नळी कॅनमध्ये सोडा आणि ते फ्लशला वापरा.

डिसीच्या पाण्याबद्दल तुमच्या वाचनात येईल म्हणून सांगतो. त्या खडकातल्या पाण्यात नैसर्गिक रेडियम आहे. २००९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. शहरात ते इतर स्रोतांच्या पाण्यात मिसळून पातळ करून दिलं जातं. मनात शंका राहत असेल तर पिण्यापुरता आरओ रेडियम काढतो. 

मुलीचं वेगळं. पावडरच्या दुधासाठी पाणी उकळून घ्या, पण उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते थोडं घट्ट होतं. नायट्रेटचा धोका सहा महिन्यांखालच्या बाळांना सर्वांत जास्त असतो, पण आठव्या महिन्यातही जपलेलं बरं. म्हणून घरात गेल्यावर एकदा प्रयोगशाळेत नायट्रेट तपासून घ्या. लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली हवं, आपलं भारतीय मानक ४५ म्हणतं. अहवाल येईपर्यंत आणि टँकरचं पाणी टाकीत असताना तिच्यासाठी सीलबंद, कमी क्षारांचं बाटलीचं पाणी घ्या. जड पाणी मऊ करणारं मीठाचं यंत्र इमारतीला असेल तर त्यापुढचं पाणी बाळाला देऊ नका, त्यात सोडियम वाढलेलं असतं.

मोठ्यांसाठी परवाना असलेल्या दुकानातले १९ लिटरचे कॅन हा तिथला नेहमीचा मार्ग. दुकानात उन्हात ठेवलेले कॅन घेऊ नका, सील बघा, आणि डिस्पेन्सरचा नळ व खोबणी दर दोन आठवड्यांनी हायपोक्लोराईटच्या पाण्याने धुवा. कॅन स्वच्छ आणि डिस्पेन्सर बुळबुळीत, असं नेहमी आढळतं.

मग भाडेकरार करताना हे तीन मुद्दे लिहून घ्या: तुमच्या वाट्याच्या टाक्या किती लिटरच्या, मोटर बिघडली तर दुरुस्ती कोणाची, आणि टाकी वाढवायची परवानगी. गच्चीवरचे उघडे पाइप गुंडाळलेले आहेत का तेही बघा. अम्मानला जानेवारीत कधी कधी बर्फ पडतो, आणि गोठून तडकलेला पाइप ऊन पडेपर्यंत कळत नाही.

माठ जरूर न्या. अम्मानची उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, पाझरलेलं पाणी भराभर उडतं आणि माठातलं पाणी कोकणातल्यापेक्षा कितीतरी जास्त गार होतं. त्यात गाळलेलं किंवा कॅनचं पाणी भरा, ओगराळं दांड्याचंच ठेवा म्हणजे हात बुडणार नाहीत. क्लोरीन निघून गेलेलं पाणी त्यात असल्यामुळे तो दर दोन दिवसांनी रिकामा करून घासायचा. रिकामं केलेलं पाणी फ्लशच्या बादलीत. माठाखाली परात ठेवा, पाझर त्यात जमतो आणि संध्याकाळी तुळशीला घालता येतो.